कुत्रा चावल्यावर जबाबदारी कोणाची, आणि ती सिद्ध कशी करायची?

कुत्रा चावला की एकीकडे दवाखान्याची धावपळ सुरू होते आणि दुसरीकडे कुत्र्याच्या मालकाशी वादावादी. वादावादीत आवाज कितीही चढला तरी हाती काही लागत नाही, कारण कायद्यासमोर ‘कुत्रा चावला की नाही’ एवढाच प्रश्न नसतो. तो चावू शकतो हे कोणाला माहीत होतं किंवा कळायला हवं होतं, आणि तरीही त्याने कोणती काळजी घेतली नाही, हे तिथे पाहिलं जातं. शिक्षा असो वा भरपाई, सगळं याच मुद्द्याभोवती फिरतं. म्हणून या लेखात कलमांपेक्षा कागदांबद्दल जास्त लिहिलं आहे. पहिल्यांदाच या प्रसंगातून जाणाऱ्या माणसाला कलम वकील सांगेल, पण पहिल्या दोन दिवसांत हुकलेला कागद वकिलालाही परत आणता येत नाही.

आधी जखम

जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने किमान १५ मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट, तेल काहीही लावू नका. त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की रुग्ण वाचण्याची शक्यता जवळजवळ नसते, आणि लक्षणांआधी योग्य उपचार झाले तर रेबीज टळतो. कातडी फाटून रक्त आलं असेल तर ती तिसऱ्या श्रेणीची जखम. तिथे लशीबरोबर जखमेच्या आत आणि भोवती इम्युनोग्लोब्युलिनही (रेबीजविरोधी तयार प्रतिपिंडं) टोचावं लागतं. डॉक्टर बोलले नाहीत तर आपण विचारा.

लस त्वचेत देत असतील तर डोस शून्य, ३, ७ आणि २८व्या दिवशी. स्नायूत देत असतील तर १४व्या दिवशी आणखी एक. एकही डोस चुकवू नका. जिवाचा प्रश्न आहेच, शिवाय ‘यांनी स्वतःच उपचार अर्धवट सोडले’ हा मुद्दा समोरच्या वकिलाला आयता मिळतो.

कुत्रा पाळीव असेल तर तो १० दिवस नजरेखाली राहायला हवा. मालकाला तसा मेसेज पाठवा: ‘कुत्रा १० दिवस बांधून ठेवा, त्याच्या लसीकरण कार्डाचा फोटो पाठवा.’ उपचारासाठी हे गरजेचं आहेच, आणि त्याने दिलेलं उत्तर म्हणजे कुत्रा आपलाच असल्याची कबुलीही असते. रागाच्या भरात कुत्र्याला मारू नका आणि कोणाला मारू देऊ नका. प्राण्याला ठार करणं किंवा जायबंदी करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली ५ वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे. तक्रारदाराचाच आरोपी होतो, आणि कुत्र्यावर लक्ष ठेवण्याची संधीही जाते.

केस पेपर नीट लिहून घ्या

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. गर्दीच्या ओपीडीत केस पेपरवर ‘डॉग बाइट, एआरव्ही (रेबीजची लस) दिली’ एवढंच लिहून मिळतं. उपचाराला ते पुरतं, न्यायालयाला नाही. डॉक्टरांना शांतपणे विनंती करा की चावा शरीराच्या कोणत्या भागावर आहे, दातांच्या खुणा किती, जखमेची लांबी आणि खोली किती, मांस निघालं आहे का, श्रेणी कोणती, हे लिहावं. चावा किती वाजता आणि कुठे झाला, कुत्रा कोणाचा, हे तुम्ही सांगितल्याप्रमाणे नोंदवून घ्यावं. पोलिसांत जायचं ठरलं असेल तर ही केस ‘एमएलसी’ (मेडिको-लीगल केस) म्हणून नोंदवा असंही स्पष्ट सांगा, म्हणजे रुग्णालयाकडूनच पोलिसांना कळवलं जातं. पट्टी बांधण्याआधी जखमेचे फोटो काढा, शेजारी मोजपट्टी धरून. पुढे दर काही दिवसांनी फोटो काढत राहा. फाटलेले कपडे न धुता कागदी पिशवीत ठेवा.

जखम मोजून घ्यायचा आग्रह का, ते पाहा. पंजाब व हरयाणा उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये भटक्या कुत्र्यांच्या चाव्यांसाठी भरपाईचा हिशेबच घालून दिला: दाताच्या प्रत्येक खुणेमागे किमान १०,००० रुपये, आणि मांस निघालं असेल तर दर ०.२ सेंटिमीटर जखमेमागे किमान २०,०००. महाराष्ट्रातल्या प्रशासनावर हा निकाल थेट बंधनकारक नाही, पण इथेही तो दाखला म्हणून पुढे ठेवता येतो. केस पेपरवर खुणा मोजलेल्याच नसतील तर मात्र दाखला असूनही उपयोग शून्य. तसंच, चेहरा कायमचा विद्रूप होणं, हाड मोडणं, किंवा १५ दिवस तीव्र वेदना राहणं वा नेहमीची कामं करता न येणं, यातलं काही घडलं तर न्याय संहितेच्या कलम ११६ प्रमाणे ती ‘गंभीर दुखापत’ ठरते आणि प्रकरणाचं वजन बदलतं. कामावरच्या रजेचा कागद म्हणूनच जपायचा.

कुत्रा ‘ताब्यात’ कोणाच्या होता?

कायदा मालकी हा शब्द धरून बसत नाही, ‘ताबा’ पाहतो. मालक परगावी आणि कुत्रा भावाकडे असेल, किंवा फिरवायला नेणाऱ्या मुलाच्या हातात पट्टा असेल, तर जबाबदारीत तीही माणसं येऊ शकतात. मालक तेवढ्याने सुटतो असं नाही. ज्याला सांभाळता येणार नाही अशाच्या हाती कुत्रा देणं हाही निष्काळजीपणाच. ताबा दाखवायला महापालिकेचा श्वान परवाना, लसीकरण कार्डावरचं नाव, सोसायटीतली नोंद, आणि रोज त्याला फिरवताना पाहणारे शेजारी कामी येतात. सीसीटीव्हीचं चित्रण त्याच दिवशी लेखी मागा. बहुतेक यंत्रणांत ते काही आठवड्यांत आपोआप पुसलं जातं, आणि ‘देतो, देतो’ म्हणता म्हणता तेवढे दिवस सहज निघून जातात.

पोलिस ठाण्यात

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू आहे. त्यामुळे जुन्या लेखांत वाचलेलं कलम २८९ आता २९१ झालं आहे. आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा धोका संभवत असताना जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणाने पुरेशी खबरदारी न घेणं, हा तो गुन्हा. शिक्षा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बेदरकारपणामुळे दुखापत झाली तर कलम १२५ही लागतं. त्यात गंभीर दुखापतीला ३ वर्षांपर्यंत कैद आहे. मृत्यू झाला तर कलम १०६.

कलम २९१ दखलपात्र आहे, म्हणजे पोलिस न्यायालयाच्या परवानगीशिवाय गुन्हा नोंदवून तपास करू शकतात. त्यामुळे ‘एनसी (अदखलपात्र नोंद) घेतो, बघू’ असं उत्तर मिळालं तर नम्रपणे पण ठामपणे एफआयआरचाच आग्रह धरा. तोंडी सांगण्यापेक्षा लेखी अर्ज घेऊन जा. साधारण असा:

*विषय : पाळीव कुत्र्याने चावा घेऊन जखमी केल्याबाबत.*

*महोदय, दि. … रोजी सायंकाळी … वाजण्याच्या सुमारास मी राहत्या इमारतीचा जिना उतरत असताना श्री. … यांच्या ताब्यातील कुत्रा, गळ्यात पट्टा नसताना, त्यांच्या उघड्या दारातून बाहेर आला व त्याने माझ्या उजव्या पोटरीस चावा घेतला. सदर कुत्रा यापूर्वी दि. … रोजी … यांच्या अंगावर धावून गेला होता व त्याबाबत सोसायटीस लेखी कळविण्यात आले होते. असे असतानाही श्री. … यांनी कुत्र्यास आवरण्याची कोणतीही खबरदारी घेतली नाही. केस पेपर, छायाचित्रे व पूर्वीच्या तक्रारीची प्रत सोबत जोडली आहे. तरी भारतीय न्याय संहिता कलम २९१ व १२५ अन्वये गुन्हा दाखल करण्यात यावा, ही विनंती.*

या अर्जाचा जीव आहे ‘यापूर्वी’ने सुरू होणाऱ्या वाक्यात. ते नसेल तर मालक म्हणेल, ‘आमचा कुत्रा आजवर कोणाला चावला नाही, आम्हाला काय ठाऊक?’ पूर्वी लेखी तक्रार झाली नसेल तरी निराश होऊ नका. आधी दुसऱ्या कोणाला हा कुत्रा चावला होता का, कुरिअरवाला दारात यायला घाबरायचा का, दारावर ‘कुत्र्यापासून सावध’ अशी पाटी होती का, याची चौकशी करा. पाटी हे मालकाचं संरक्षण आहे असा समज आहे. पाटीमुळे त्याची सुटका होत नाही, उलट धोका त्याला माहीत होता हे तीच सांगते.

मुंबईतल्या दोन निकालांकडे पाहा. एकात प्रसंग २०१० चा: मालक आणि त्याचे वृद्ध नातेवाईक गाडीजवळ वाद घालत होते, रॉटवायलर गाडीच्या आत होता. दार उघडू नका असं सांगितलेलं असताना मालकाने दार उघडलं आणि कुत्रा नातेवाईकांवर झेपावला. दंडाधिकाऱ्यांनी २०२३ मध्ये मालकाला ३ महिन्यांची शिक्षा सुनावली. दुसरा प्रसंग २०१८ चा, लिफ्टमधला: लहान मुलाला कुत्र्याची भीती वाटते, थोडं थांबा, असं सांगूनही मालकाने हस्की लिफ्टमध्ये ओढत आणला आणि तो चावला. २०२५ मध्ये ४ महिन्यांची शिक्षा झाली. दोन्हीकडे समोरच्याने धोका शब्दांत सांगितला होता आणि मालकाने तो ऐकला नाही. तुमच्या जबाबात असं वाक्य खरोखर घडलेलं असेल तर ते शब्दशः लिहून घ्या. नसेल तर रचू नका. उलटतपासणीत रचलेलं एक वाक्य पकडलं गेलं की खऱ्या जखमेवरचाही विश्वास उडतो.

तारखाही डोळ्यांखालून घाला. न्याय मिळाला, पण वर्षं लागली. इतक्या काळात साक्षीदार घर बदलतात, फोन बदलतात, आठवणी पुसट होतात. म्हणून मूळ कागदांचा एक संच घरात, एक स्कॅन करून ठेवा.

एफआयआरची प्रत फुकट मिळते. ठाण्यात नकार मिळाला तर पोलिस अधीक्षकांना, आयुक्तालय असेल तर उपायुक्तांना, स्पीड पोस्टाने लिहा. त्यानंतरही काही झालं नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेला कायदा) कलम १७५(३) खाली दंडाधिकाऱ्यांकडे दाद मागता येते.

भरपाई

फौजदारी खटल्यात मालकाला दंड झाला म्हणजे आपला खर्च निघाला, असं नवख्या माणसाला वाटतं. दंड सरकारजमा होतो. शिक्षा सुनावताना न्यायालय याच नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९५ खाली जखमीला भरपाई देण्याचा आदेश देऊ शकतं, पण ती विनंती सरकारी वकिलांमार्फत वेळेवर व्हायला हवी. पूर्ण भरपाईचा मार्ग दिवाणी दाव्याचा.

दाव्याआधी वकिलामार्फत नोटीस पाठवा. त्यात औषधं, लस, प्रवास, बुडालेला रोज किंवा पगार, पुढची प्लास्टिक सर्जरी, वेदना आणि व्रण या सगळ्याचा वेगवेगळा आकडा द्या. बिलाशिवाय दिलेला आकडा टिकत नाही, म्हणून रिक्षाचं भाडंसुद्धा तारखेनिशी वहीत लिहा. मालक ज्या बचावांचा आधार घेतो ते ठरलेले आहेत: तुम्ही कुत्र्याला डिवचलं, तुम्ही विनापरवानगी आवारात शिरलात, किंवा कुत्रा स्वभावाने गरीब होता. पहिल्या दोहोंत तथ्य असेल तर भरपाई कमी होऊ शकते. लहान मुलाच्या बाबतीत मात्र मोठ्या माणसाइतक्या समजुतीची अपेक्षा न्यायालय धरत नाही.

दाव्याची मुदत साधारणपणे ३ वर्षं, पण तिच्यावर विसंबून राहू नका. महापालिका प्रतिवादी असेल तर आधी लेखी नोटीस द्यावी लागते आणि मुदत महिन्यांवर येते. पहिल्याच महिन्यात वकिलाला भेटलेलं बरं. फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीच्या आणि अपंग व्यक्तींना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत. हेल्पलाइन १५१००. कामावर असताना चावा बसला असेल, तर ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) किंवा नोकरी देणाऱ्याकडूनही काही मिळू शकतं, तेही विचारा. डिलिव्हरीवाल्यांना आणि घरकाम करणाऱ्या बायकांना बहुतेक वेळा हे कोणी सांगतच नाही.

कुत्रा भटका असेल तर

इथे मालक नाही, म्हणून जबाबदारही कोणी नाही, असं समजून लोक तक्रारच करत नाहीत. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे भटक्या कुत्र्यांचं निर्बीजीकरण आणि रेबीजविरोधी लसीकरण हे स्थानिक संस्थेचं काम आहे. ते तिने केलं का, हाच तुमच्या प्रकरणाचा कणा.

महापालिका किंवा नगरपरिषदेच्या आरोग्य विभागात चाव्याची लेखी तक्रार द्या, आवक क्रमांकाचा शिक्का मारून पोच घ्या. मग १० रुपये शुल्क भरून माहिती अधिकारात अर्ज करा. आपल्या प्रभागात मागच्या ३ वर्षांत किती कुत्र्यांचं निर्बीजीकरण व लसीकरण झालं, कोणत्या संस्थेला काम दिलं, किती पैसे दिले, आणि या रस्त्यावरून कुत्र्यांच्या किती तक्रारी आल्या व त्यांवर काय कार्यवाही झाली, एवढंच विचारा. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. चाव्याआधीच्या तक्रारी फाइलीत पडून असल्याचं त्या उत्तरातून दिसलं, तर महापालिकेला ‘आम्हाला कल्पना नव्हती’ म्हणता येत नाही. पाळीव कुत्र्याच्या मालकाला जो प्रश्न, तोच तिलाही.

एवढं हाती घेऊन उच्च न्यायालयात राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली भरपाई मागता येते. आधार असतो अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा. केरळमध्ये सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये न्यायमूर्ती सिरी जगन यांची समिती नेमली होती, तिच्याकडे पीडित भरपाईसाठी थेट अर्ज करत. आपल्याकडेही आयुक्तांना आणि जिल्हाधिकाऱ्यांना दिलेल्या निवेदनात भरपाईची मागणी आकड्यासह लिहा. नुसतं ‘बंदोबस्त करावा’ असं लिहिलं की कार्यालयाला फाइल बंद करणं सोपं जातं.

शाळा, रुग्णालय, क्रीडा संकुल, बस स्थानक किंवा रेल्वे स्थानकाच्या आवारात चावा झाला असेल तर सर्वोच्च न्यायालयाचा ७ नोव्हेंबर २०२५ चा आदेश अर्जात नमूद करा. अशा जागांना कुंपण घालावं, तिथले भटके कुत्रे हलवावेत आणि पुन्हा तिथेच सोडू नयेत, असं त्यात म्हटलं आहे. इतर ठिकाणांसाठी त्याच न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी सांगितलं की निर्बीजीकरण व लसीकरण करून कुत्रे मूळ जागी सोडावेत. रेबीजबाधित, रेबीजचा संशय असलेले आणि आक्रमक कुत्रे मात्र सोडू नयेत. म्हणून ‘सगळे कुत्रे उचला’ अशा मागणीपेक्षा ‘अमुक रंगाचा, अमुक ठिकाणी बसणारा, चावलेला कुत्रा आक्रमक म्हणून ताब्यात घ्या’ अशी नेमकी मागणी करा. तिच्यावर कार्यवाही करणं कार्यालयाला भाग पडतं.

भटक्या कुत्र्यांना खाऊ घालणाऱ्यांवर लोकांचा राग निघतो. खाऊ घातल्याने कुत्र्याचा ताबा आपोआप त्या व्यक्तीकडे जात नाही. पण २२ ऑगस्टच्या आदेशानुसार खाऊ ठरवून दिलेल्या जागीच घालायचा आहे, आणि २०२३ च्या नियमांप्रमाणे ती जागा मुलांच्या खेळण्यापासून, जिन्यापासून, ये-जा करण्याच्या दारांपासून दूर हवी. सोसायटीने ती ठरवलीच नसेल तर त्याची विचारणा आधी सोसायटीच्या कमिटीकडे करा, आणि लेखी करा.

ज्यांच्या घरी कुत्रा आहे त्यांच्यासाठी

परवाना आणि लसीकरण वेळेवर नूतन करा. सामायिक जागेत पट्टा हातात धरा. कुत्रा अनोळखी माणसावर झेपावतो हे तुम्हाला ठाऊक असेल तर मुसकं घाला, आणि लिफ्टमध्ये कोणी नको म्हटलं तर पुढच्या फेरीची वाट पाहा. चावा झालाच तर जखमी माणसाला स्वतः दवाखान्यात न्या, लसीकरण कार्ड दाखवा. पाळीव प्राण्यांच्या काही विमा पॉलिसींत तिसऱ्या व्यक्तीच्या नुकसानीचं संरक्षण असतं. पॉलिसी घेताना ते आहे का, हे वाचून घ्या. जातीवर जाऊ नका. धोकादायक ठरवलेल्या जातींवर बंदी घालणारं केंद्राचं मार्च २०२४ चं परिपत्रक कर्नाटक उच्च न्यायालयाने पुढच्याच महिन्यात रद्द केलं. पण न्यायालयात तुमच्या कुत्र्याची जात नाही, तुमची खबरदारी तपासली जाते. गावठी कुत्रा चावला तरी कलम २९१ लागतं.

तडजोड करताना

शेजारात राहायचं असतं, त्यामुळे बरीच प्रकरणं बोलून मिटतात आणि त्यात कमीपणा नाही. फक्त घाईने सही करू नका. लशीचा शेवटचा डोस २८व्या दिवशी असतो आणि व्रण कसा राहील हे त्यानंतरच कळतं, म्हणून निदान तोवर ‘यापुढे कोणतीही तक्रार राहणार नाही’ असं लिहून देऊ नका. तडजोड स्टॅम्प पेपरवर करा. रक्कम, ती देण्याची तारीख, पुढच्या शस्त्रक्रियेचा खर्च कोण करेल, आणि कुत्रा यापुढे पट्ट्याशिवाय व मुसक्याशिवाय बाहेर येणार नाही ही हमी, असं सगळं त्यात घाला, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. एफआयआर आधीच झाला असेल तर परस्पर तडजोडीने तो रद्द होत नाही. त्यासाठी सहसा उच्च न्यायालयात जावं लागतं. तो खर्च कोण करणार, हेही त्याच कागदावर लिहून घ्या.